सशर्त विधान (संगणकशास्त्र)

सशर्त विधान हे संगणकाच्या आज्ञावलीतील असे विधान होय, ज्यात एखादी अट खरी आहे की खोटी हे तपासून पुढच्या कोणत्या आज्ञा पाळायच्या ते ठरते. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ते 'इफ' आणि 'एल्स' या इंग्रजी शब्दांनी लिहिले जाते. मराठीत त्याचा साचा 'जर … तर … अन्यथा' असा होतो. अनेक पर्यायांतून एक निवडण्यासाठी असणारी 'स्विच', 'केस' आणि 'मॅच' ही विधानेही याच वर्गात मोडतात.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याची या विधानाशी पहिली खरी गाठ बहुधा किंमत गणक लिहिताना पडते. वापरकर्त्याने वस्तू निवडावी, संख्या सांगावी, सोबत काय हवे ते सांगावे आणि आज्ञावलीने देय रक्कम काढून द्यावी, असा हा सराव असतो. व्यवहार रोजचा असल्याने तो सोपा वाटतो. परंतु गल्ल्यावर बसलेला माणूस ज्या कित्येक गोष्टी न बोलता ठरवतो, त्या सर्व संगणकाला शब्दशः सांगाव्या लागतात. त्यातील एखादी सांगायची राहिली तर आज्ञावली बहुधा बंद पडत नाही. ती निमूटपणे चुकीचे बिल देते. म्हणूनच या विधानाच्या अभ्यासात वाक्यरचनेपेक्षा निवडींची वर्गवारी अधिक महत्त्वाची ठरते.

व्याकरण आणि तर्क

मराठी व्याकरणात 'जर–तर' ही जोडी संकेतबोधक उभयान्वयी अव्ययांत गणली जाते. 'पाऊस पडला तर पेरणी होईल' या वाक्यात पाऊस न पडल्यास काय होईल ते सांगितलेले नाही, आणि ऐकणाऱ्याला ते सांगावे लागतही नाही. प्रोग्रॅमिंगमधील सशर्त विधान मात्र शब्दशः घेतले जाते. 'अन्यथा' हा भाग लिहिलेला नसेल, तर अट खोटी ठरल्यावर संगणक काहीही न करता पुढच्या ओळीकडे जातो.

अट म्हणजे ज्याचे उत्तर 'सत्य' किंवा 'असत्य' असे एकच येते अशी राशी. दोन मूल्ये समान आहेत का, एक दुसऱ्याहून मोठे आहे का, अशा तुलनांतून ती तयार होते. 'आणि', 'किंवा', 'नाही' या तार्किक क्रियांनी लहान अटी जोडून मोठी अट बनवता येते. येथे मराठी भाषकाला एक सोय उपलब्ध आहे. 'चहा की कॉफी?' या प्रश्नात दोहोंपैकी एकच अपेक्षित असते. 'चहा किंवा कॉफी घेतली असेल तर साखरेचे पैसे लावा' या सूचनेत दोन्ही घेणाराही येतो. प्रोग्रॅमिंगमधील 'ऑर' ही क्रिया या दुसऱ्या 'किंवा'सारखी, म्हणजे समावेशक असते. 'की'चा अर्थ हवा असल्यास बहुतेक भाषांत वेगळी रचना करावी लागते.

मात्र हीच सहजता एका जुन्या चुकीचे कारणही होते. 'निवड १ किंवा २ असेल तर' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. तेच जसेच्या तसे पायथॉन भाषेत 'निवड == १ किंवा २' अशा रचनेत लिहिले, तर संगणक त्याचे दोन तुकडे करतो: 'निवड == १' हा एक आणि नुसता '२' हा दुसरा. पायथॉनमध्ये शून्येतर संख्या सत्य मानली जाते. त्यामुळे संपूर्ण अट नेहमीच सत्य ठरते आणि वापरकर्त्याने काहीही निवडले तरी पहिल्याच पर्यायाचा दर लागतो. बरोबर रचनेत दोन्ही बाजूंना पूर्ण तुलना असते: 'निवड == १ किंवा निवड == २'.

समानतेच्या चिन्हाविषयीही सावधगिरी बाळगावी लागते. सी आणि तिच्या वळणाच्या अनेक भाषांत एक बरोबरचे चिन्ह मूल्य ठेवण्यासाठी आणि दोन चिन्हे तुलनेसाठी असतात. सी भाषेत अटीच्या जागी चुकून एकच चिन्ह पडले तरी ते वैध ठरते. तुलना होण्याऐवजी चलातील मूल्यच बदलते. पायथॉनमध्ये अशा ठिकाणी रचनादोष दाखवला जातो.

इतिहास

चार्ल्स बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आखलेल्या विश्लेषक यंत्राच्या आराखड्यात गणिताच्या निकालानुसार पुढील मार्ग बदलण्याची सोय होती; हे यंत्र पूर्ण बांधले गेले नाही. उलट कोनराड झूसे यांनी १९४१ मध्ये बर्लिन येथे पूर्ण केलेले झेड-३ हे यंत्र आज्ञावलीनुसार चालत असे, पण त्यात सशर्त उडी नव्हती.

आयबीएम ७०४ या संगणकासाठी १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोर्ट्रान भाषेत 'इफ' विधान होते, तथापि त्याचे रूप आजच्याहून निराळे होते. एखाद्या राशीचे मूल्य ऋण, शून्य किंवा धन असेल त्यानुसार आज्ञावलीतील तीनपैकी एका क्रमांकाच्या ओळीवर उडी मारली जाई. हे अंकगणिती 'इफ' अनेक दशके टिकले आणि फोर्ट्रान २०१८ या मानकात अधिकृतपणे वगळले गेले. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेत सशर्त राशीची कल्पना मांडली, तर अल्गोल ६० या भाषेने 'इफ–देन–एल्स' हा साचा रूढ केला. अनेक पर्यायांसाठीचे 'केस' विधान टोनी होअर यांच्या नावाशी जोडले जाते. निक्लाउस विर्थ आणि होअर यांच्या अल्गोल डब्ल्यूमधून ते १९७० च्या पास्कल भाषेत आले.

कोराडो ब्योम आणि ज्युसेप्पे याकोपिनी यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचना कोणत्याही गणनेसाठी पुरेशा आहेत. मार्च १९६८ मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांचे 'गो टू' विधानाविरुद्धचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर उड्यांनी भरलेल्या आज्ञावल्यांऐवजी स्पष्ट सशर्त रचना वापरण्याचा आग्रह वाढला.

उदाहरण: उपाहारगृहाचा किंमत गणक

समजा, एका उपाहारगृहात मिसळ ८० रुपये, थालीपीठ ६० रुपये आणि साबुदाणा वडा ५० रुपये असे दर आहेत. जादा पाव १० रुपये, दही २० रुपये आणि पार्सलचे ५ रुपये. ग्राहक पदार्थाचा क्रमांक देतो. दराचा भाग पुढीलप्रमाणे लिहिता येतो:

जर निवड == १ तर
    दर = ८०
अन्यथा जर निवड == २ तर
    दर = ६०
अन्यथा जर निवड == ३ तर
    दर = ५०
अन्यथा
    'असा पदार्थ नाही' असे कळवून पुन्हा विचारा

या रचनेला सशर्त शृंखला म्हणतात. पहिली खरी अट सापडताच बाकीच्या तपासल्या जात नाहीत. पायथॉनमध्ये 'अन्यथा जर'साठी 'एलिफ' हा जोडशब्द आहे; सी, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये 'एल्स' आणि 'इफ' हे दोन शब्द शेजारी लिहिले जातात.

पदार्थांच्या बाबतीत शृंखला योग्य आहे, कारण एका क्रमांकाने एकच पदार्थ ठरतो. जादा पाव, दही आणि पार्सल यांचे तसे नाही. ग्राहक यांपैकी एकही घेणार नाही, एखादे घेईल किंवा तिन्ही घेईल. या निवडी परस्परांवर अवलंबून नसल्याने प्रत्येकीसाठी 'अन्यथा' नसलेले स्वतंत्र विधान लागते:

जर पाव हवा तर दर = दर + १०
जर दही हवे तर दर = दर + २०
एकूण = दर × संख्या
जर पार्सल हवे तर एकूण = एकूण + ५

नवशिक्यांच्या आज्ञावल्यांत सर्वाधिक आढळणारा दोष येथेच असतो. पाव आणि दही यांनाही शृंखलेत ओवले, तर पाव घेणाऱ्याचे दही हिशोबातून सुटते. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक शक्यतेसाठी निराळी शाखा लिहिली, तर तीन पदार्थ आणि तीन होय-नाही निवडी मिळून ३ × २ × २ × २ म्हणजे २४ शाखा होतात. त्यातील एखादी हमखास चुकते आणि दर बदलला की सर्व शाखा पुन्हा तपासाव्या लागतात. स्वतंत्र विधाने वापरल्यास पदार्थाच्या तीन आणि बाकीच्या तीन अशा सहा अटींत काम भागते. 'यांपैकी एक' आणि 'यांपैकी हवे ते' हा भेद ओळखला, की विधानाचा आकार जवळजवळ आपोआप ठरतो. कागदावर छापलेल्या अर्जातही तो असतोच. वापरकर्त्यासमोरच्या पटलावर पहिल्या प्रकारासाठी गोल आणि दुसऱ्यासाठी चौकोनी खूण-चौकटी दाखवण्याची प्रथा आहे.

वरील चार ओळींत आणखी एक निर्णय दडलेला आहे. दोन मिसळ, पाव, दही आणि पार्सल अशी मागणी असता या आज्ञावलीचे उत्तर (८० + १० + २०) × २ + ५, म्हणजे २२५ रुपये येते. पाव आणि दही प्रत्येक बशीला न धरता संपूर्ण मागणीला एकदाच धरले, तर उत्तर १९५ येईल. दोन्ही आज्ञावल्या रचनेच्या दृष्टीने बिनचूक आहेत. कोणती बरोबर, हे उपाहारगृहाच्या मालकाला विचारल्याशिवाय कळत नाही.

यादीबाहेरची निवड

शेवटचा पर्याय 'अन्यथा'मध्ये टाकून एक ओळ वाचवण्याचा मोह अनेकांना होतो: १ आणि २ तपासून झाले की उरला तो साबुदाणा वडा. मग चुकून ७ दाबणाऱ्यालाही साबुदाणा वड्याचे बिल येते. याउलट 'अन्यथा' मुळीच लिहिले नाही, तर दराच्या चलात आधी जे असेल तेच राहते. ते शून्य असल्यास पदार्थ फुकट जातो आणि मागच्या ग्राहकाचा दर असल्यास तोच पुढच्याला लागतो. काही भाषांत अशा वेळी आज्ञावली दोष दाखवून थांबते, आणि तीनही परिणामांत तोच सर्वांत बरा म्हणावा लागेल. यादीत नसलेल्या निवडीसाठी स्वतंत्र शाखा ठेवणे आणि योग्य निवड येईपर्यंत आवर्तनात प्रश्न पुन्हा विचारणे, ही सर्वसाधारण रीत आहे.

संख्येचीही अशीच तपासणी लागते. ऋण एक बशी मागितल्यास वरील आज्ञावली ग्राहकालाच पैसे देणे काढते.

आदानाचे स्वरूप

कळफलकावरून आलेली निवड पुष्कळ भाषांत संख्या नसून मजकूर असते. पायथॉन ३ मध्ये 'इनपुट' हे फलन नेहमी मजकूरच परत करते. वापरकर्त्याने २ टंकला तरी आज्ञावलीच्या हाती '२' हे अक्षर येते आणि त्याची २ या संख्येशी तुलना असत्य ठरते. परिणामी सर्व अटी नीट लिहूनही आज्ञावली प्रत्येक वेळी 'असा पदार्थ नाही' म्हणते. नवशिक्या अशा वेळी अटींतच चूक शोधत बसतो. खरा दोष त्यांच्या आधीच्या ओळीत, मजकुराचे पूर्णांकात रूपांतर न करण्यात असतो. जावास्क्रिप्टमध्ये परिस्थिती अधिक फसवी आहे. दोन बरोबर-चिन्हांची तुलना मजकूर आणि संख्या यांना समान मानू शकते, तीन चिन्हांची मानत नाही. तसेच '२' आणि '३' या मजकुरांचा गुणाकार ६ येतो, पण बेरीज '२३' अशी जोडली जाते. बिलात हा प्रकार झाल्यास ८० आणि १० यांची बेरीज ८०१० होते.

देवनागरी अंकांबाबत भाषाभाषांत फरक आहे. युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांना स्वतंत्र स्थाने आहेत. पायथॉनचे पूर्णांक-रूपांतर देवनागरी '२' स्वीकारून २ ही संख्या देते आणि जावाचे नेहमीचे रूपांतरही ते स्वीकारते. जावास्क्रिप्टमधील रूपांतरातून मात्र 'संख्या नाही' असे मूल्य मिळते. मराठी कळफलक वापरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या गणकात ही गोष्ट आधीच हाताळावी लागते.

मराठी शब्द निवडीसाठी घेतल्यास अडचण वाढते. 'हो', 'होय', मागे एक रिकामी जागा सुटलेले 'हो ' हे तीन वेगळे मजकूर आहेत. 'कऱ्हाड' या नावातील 'ऱ' हा एकच संकेत म्हणून साठवता येतो, 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु सरळ तुलनेत ते असमान ठरतात. तुलनेपूर्वी मजकूर युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणणे हा यावरील उपाय आहे. शक्य तेथे शब्द टंकायला न लावता क्रमांक किंवा यादीतून निवड घेणे अधिक सुरक्षित असते.

अटींचा क्रम

शृंखलेत पहिली खरी अट जिंकते. त्यामुळे एकमेकींत सामावणाऱ्या अटी असतील तर क्रम निर्णायक ठरतो. समजा, ५०० रुपये किंवा अधिक बिलावर १० टक्के आणि १,००० रुपये किंवा अधिक बिलावर १५ टक्के सूट आहे. आधी '५०० किंवा अधिक' तपासले, तर १,२०० रुपयांचे बिलही तेथेच अडकते. ग्राहकाकडून १,०२० ऐवजी १,०८० रुपये घेतले जातात आणि १५ टक्क्यांची ओळ कधीच चालत नाही. मोठी मर्यादा आधी तपासल्यास हा दोष राहत नाही. दोन्ही अटी स्वतंत्र विधाने म्हणून लिहिल्या, तर उलट दोष उद्भवतो: १,२०० रुपयांवर दोन्ही सुटी लागतात.

अशा सवलतीत एक व्यावहारिक विसंगतीही आहे. ९९९ रुपयांच्या बिलावर ८९९ रुपये १० पैसे द्यावे लागतात, तर १,००० रुपयांच्या बिलावर ८५० रुपये. ही आज्ञावलीतील चूक नाही, योजनेचा गुणधर्म आहे. तो निदर्शनास आणणे आज्ञावलीकाराचे काम. बदलणे मात्र त्याच्या अधिकारात नसते.

सीमामूल्ये

'पाचशेपर्यंत', 'पाचशेच्या आत', 'पाचशेच्या वर', 'पाचशेपासून' हे शब्दप्रयोग बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात. नेमक्या ५०० या मूल्याचे काय, हा प्रश्न त्यांत अर्धवट राहतो. आज्ञावलीत 'हून मोठे' आणि 'मोठे किंवा समान' ही दोन निराळी चिन्हे असल्याने तो टाळता येत नाही.

भारतातील वस्तू व सेवा कर हे याचे ठळक उदाहरण होय. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करात तयार कपड्यांचा दर नगाच्या विक्रीमूल्यावर ठरतो. सुरुवातीला १,००० रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या नगावर ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली. तिच्यापर्यंत ५ टक्के आणि तिच्या वर १८ टक्के. नेमक्या २,५०० रुपयांच्या सदऱ्यावर १२५ रुपये कर धरून २,६२५ रुपये होतात. २,५०१ रुपयांच्या सदऱ्यावर कर ४५० रुपये १८ पैसे लागून रक्कम २,९५१ रुपये १८ पैसे होते. मूळ किमतीतील एका रुपयाने देय रकमेत ३२६ रुपये १८ पैशांचा फरक पडतो. अटीतील एक चिन्ह चुकले, तर २,५०० रुपयांचा प्रत्येक सदरा चुकीच्या दराने विकला जाईल.

अट कोणत्या राशीवर लावायची हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ९०० रुपयांचे तीन सदरे घेतल्यास एकूण २,७०० रुपये होतात. अट एकूण रकमेवर लावली तर कर १८ टक्क्यांनी ४८६ रुपये निघतो; नियम नगाच्या मूल्याचा असल्याने खरा कर ५ टक्क्यांनी १३५ रुपये आहे.

टप्प्यांच्या दरांत आणखी एक भेद येतो. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती वीजबिलात वापराचे १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यातील युनिटांनाच त्या टप्प्याचा दर लागतो. कपड्यांच्या करात मात्र मर्यादा ओलांडताच संपूर्ण किमतीला वरचा दर लागतो. केवळ समजण्यासाठी पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये आणि पुढील युनिटांना १० रुपये दर धरला, तर १०१ युनिटांचे उत्तर ५१० रुपये येते. संपूर्ण वापराला वरचा दर लावणारी आज्ञावली १,०१० रुपये दाखवील.

तक्त्याचा वापर

पर्याय वाढत गेल्यावर शृंखला लांबते. चाळीस पदार्थांच्या भोजनालयासाठी चाळीस अटी लिहिणे शक्य असले तरी ते शहाणपणाचे नाही. अशा वेळी क्रमांक आणि दर यांची जोडी तक्त्यात ठेवतात. पायथॉनमध्ये त्यासाठी 'डिक्शनरी' नावाची रचना आहे. आज्ञावलीत मग एकच अट उरते: दिलेला क्रमांक तक्त्यात आहे का? असल्यास दर उचलायचा, नसल्यास पुन्हा विचारायचे. दरपत्रक बदलले तर तक्ता बदलतो, तर्काला हात लावावा लागत नाही.

२०२५ च्या बदलात वस्तू व सेवा कराच्या १२ आणि २८ टक्क्यांच्या दरांतील बहुतेक वस्तू इतर दरांत गेल्या. ज्या आज्ञावल्यांत दर अटींच्या आत जागोजागी लिहिलेले असतात, तेथे प्रत्येक '१२' वाचून तो कराचा की वर्षातील महिन्यांचा हे ठरवावे लागते. दराबरोबर त्याच्या अंमलाची तारीखही तक्त्यात ठेवल्यास जुन्या बिलाची प्रत जुन्याच दराने काढता येते.

'स्विच' विधान

सी भाषेतील 'स्विच' विधान एका राशीच्या मूल्यानुसार योग्य 'केस'वर नेते. तेथून पुढे मात्र 'ब्रेक' लिहिलेला नसेल, तर पुढच्या केसमधील आज्ञाही पाळल्या जातात. मिसळीच्या केसनंतर ब्रेक राहिला, तर दर ८० ठेवून लगेच ६० केला जातो आणि मिसळ थालीपिठाच्या भावात जाते. जावा आणि जावास्क्रिप्ट यांनी ही पद्धत सीकडून घेतली. गो आणि स्विफ्ट या भाषांत आज्ञा आपोआप पुढच्या केसमध्ये ओघळत नाहीत. जावाच्या चौदाव्या आवृत्तीत, २०२० मध्ये, बाणाच्या चिन्हाने लिहिले जाणारे आणि मूल्य देणारे स्विच प्रमाणित झाले. पायथॉनमध्ये असे विधान दीर्घकाळ नव्हते. ऑक्टोबर २०२१ मधील ३.१० या आवृत्तीत 'मॅच' आले.

या बारकाव्याचे मोल मोठ्या यंत्रणांनीही चुकवले आहे. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीची दूरपल्ल्याची दूरध्वनी सेवा सुमारे नऊ तास विस्कळीत झाली. मूळ दोष स्विच केंद्रांच्या सी भाषेतील आज्ञावलीत, चुकीच्या ठिकाणी परिणाम करणाऱ्या एका 'ब्रेक'मध्ये सापडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीने आयफोनच्या प्रणालीतील एक सुरक्षादोष दुरुस्त केला. तेथे महिरपी कंस नसलेल्या 'इफ'नंतर 'गोटू फेल' ही ओळ दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीच्या अधीन होती, दुसरी नव्हती. त्यामुळे सुरक्षित जोडणीच्या तपासणीचा पुढचा भाग प्रत्येक वेळी वगळला जात होता.

रकमांची तुलना

अपूर्णांकी रुपये दशांश स्वरूपात ठेवून त्यांवर समानतेची अट लावणे धोक्याचे असते. बहुतेक संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतात आणि ०.१ हा अपूर्णांक त्या पद्धतीत पूर्ण मावत नाही. परिणामी ०.१ + ०.२ ही बेरीज ०.३ शी समान नसल्याचे उत्तर मिळते. ग्राहकाने दिलेली रक्कम आणि देय रक्कम समान आहेत का, अशी तुलना त्यामुळे विनाकारण फसू शकते. हिशोब पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवून फक्त दाखवताना रुपयांत रूपांतर करणे किंवा भाषेने दिलेला दशमान संख्याप्रकार वापरणे हे प्रचलित उपाय आहेत.

चाचणी

सशर्त विधान असलेल्या आज्ञावलीची चाचणी घेताना प्रत्येक शाखा किमान एकदा चालेल अशी आदाने निवडतात. मर्यादेच्या ठिकाणी तीन मूल्ये घेतली जातात: मर्यादेच्या लगतचे खालचे, नेमके मर्यादेवरचे आणि लगतचे वरचे. वरील सुटीच्या योजनेसाठी ती ४९९, ५००, ५०१ आणि ९९९, १,०००, १,००१ अशी होतील. यांखेरीज ०, ऋण संख्या, यादीत नसलेला क्रमांक, अंकांऐवजी अक्षरे आणि काहीच न टंकता दाबलेली एंटरची कळ यांचीही परीक्षा घेतली जाते. अपेक्षित उत्तरे आज्ञावली चालवण्यापूर्वी कागदावर काढून ठेवण्याची पद्धत आहे, कारण पटलावर आलेला आकडा एकदा पाहिल्यावर तोच बरोबर वाटू लागतो.